डाव्या बाजूचे चौदा किलो

रविवार, २६ मे
नोवो मेस्तोजवळ, घाटाच्या पायथ्याशी

प्रिय पल्ल्या,

स. न. वि. वि. इथे सर्व क्षेम आहे, तिथेही असावं.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. पत्र तक्रारीचं आहे आणि तक्रार गंभीर आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर बारा मेपासून चार स्प्रिंगा आणि चार शॉकअ‍ॅब्सॉर्बर पद्मासन घालून बसले आहेत. गुरुवारी ते गाडीत गेले, तर त्यांच्या जागी गाडीतून काढलेला जुना संच येऊन बसला, चिखलासकट. मी खिडकीच्या कठड्यावर ताटली ठेवून उभ्याने जेवतो. या देशात रविवारी दुपारी बारा वाजता शेवया घातलेलं गोमांसाचं सूप बसूनच प्यायचं असतं. पंचवीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता, आज मोडला. (गोमांसाचं ऐकून कान झाकू नकोस. गुरुजी गेले.) बायकोकडे दाद मागितली तर उत्तर आलं, "गॅरेजात ठेवले तर गंजतील. तू गंजत नाहीस." असं म्हणून येर्नेयाने दोन चमचे सूप घेतलं, वाटी बाजूला सारली आणि ती गॅरेजात गेली. शर्यतीच्या आधी ती कमीच खाते.

तू विसर्गसंधीत तीनदा नापास होऊन पाठशाळा सोडलीस आणि मिरजेच्या रस्त्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर दुरुस्तीचं दुकान काढलंस, तेव्हा गुरुजी म्हणाले होते, एक कमी झाला. त्यांचा पट्टशिष्य परमुलखात संस्कृत शिकवता शिकवता म्हातारा होईल आणि एका स्प्रिंगेसाठी त्याच नापासाला शरण जाईल, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच बाकावर उभं केलं असतं.

येर्नेयाला तू भेटला आहेस, पण भेटलास ती मिरजेत, साडी नेसलेली. इथली वेगळी आहे. एरवी गावच्या शाळेत गणित शिकवते, आणि दर जूनमध्ये आपली छोटी तीनदारी गाडी घेऊन आमच्या घाटावर चढाईची शर्यत करते. एका वेळी एकच गाडी, पाच किलोमीटर वर, लढाई घड्याळाशी. गेल्या वर्षी सातव्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर घसरला आणि ती कठड्याला घासून थांबली. तिला खरचटलंही नाही. पण जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी झाले होते हे सगळ्या गावाने पाहिलं, आणि इथे गावाने पाहिलेलं विसरलं जात नाही. यंदाची शर्यत नऊ जूनला आहे. सातवं वळण नीट काढायचं, एवढाच तिचा संकल्प आहे. हिवाळाभर ती दुसरं काही बोललेली नाही.

संच निवडताना घरात तीन पक्ष झाले. पहिला पक्ष स्टानेचा. स्टाने म्हणजे तिचा थोरला भाऊ. घाटाच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज आहे आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एकच औषध, आवळणे. त्याला दगडासारखा कडक संच हवा होता. दुसरा पक्ष माझा: नुसत्या आखूड स्प्रिंगा घाला, गाडी खाली बसेल, रुबाबदार दिसेल, विषय संपेल. दोघांनीही मला मतदानातून बाद केलं. तिसरा पक्ष येर्नेयाचा. तिला उंची आणि कडकपणा दोन्ही कमीजास्त करता येईल असा संच हवा होता, पण स्प्रिंग मध्यम, कारण आमच्या घाटावर दर हिवाळ्यात बर्फ रस्ता उकरतो. कडक गाडी तिथे उड्या मारते, आणि उडालेल्या चाकाला वळता येत नाही. तिने स्टानेच्या तोंडावर तुझा दाखला दिला. तू दुकानात तिला हातवाऱ्यांनी दोन तास शिकवलं होतंस ना, की खड्ड्याशी भांडू नये, त्याला वाकून पुढे जावं? ते तिने जसंच्या तसं सांगितलं, वाकून दाखवण्यासकट. त्या दिवशी आम्ही तुझ्या घरीच जेवलो होतो.

असो.

येर्नेयाचा पक्ष जिंकला. गुरुवारी संच बसला. मी पाना धरला होता. स्टाने म्हणाला, "प्रोफेसर, हा नट आहे, कविता नाही. पुरा आवळ." मग आली खरी पायरी. तुला काय सांगायचं, तरी सांगतो, म्हणजे मला कळलंय हे तुला कळेल. प्रत्येक चाकाखाली एक असे चार तराजू ठेवायचे. चालवणारा शर्यतीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून आत बसवायचा. मग स्प्रिंगेखालच्या चकत्या टोकाला आकडा असलेल्या पान्याने पाव पाव फेरा फिरवून चारी चाकांवरचं वजन हवं तसं वाटायचं. स्टाने दर वर्षीचे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला डकवतो. गेल्या वर्षीचे आकडे आले की काम झालं.

ते येत नाहीत. गुरुवारपासून रोज संध्याकाळी आम्ही चकत्या फिरवतो आहोत. डाव्या बाजूची दोन्ही चाकं हलकी पडतात. पुढचं भरलं की मागचं उतरतं, मागचं भरलं की उजवं बोंब मारतं. एकूण बेरीज गेल्या वर्षीपेक्षा सोळा किलो कमी येते. नवा संच जुन्यापेक्षा दोन किलो हलका आहे, हे आम्ही टेबलावरच तोलून पाहिलं. उरलेले चौदा कुठे गेले? स्टाने म्हणतो डावी स्प्रिंग सदोष आहे. त्याने बनवणाऱ्याला कडक पत्रही पाठवलं. टाकीत पेट्रोल गेल्या वर्षीइतकंच आहे का, यावरून भांडण झालं. जमीन समपातळीत आहे का ते पाण्याच्या नळीने पाहून झालं. मंगळवारी स्प्रिंगा पुन्हा उतरवणार आहोत.

पल्ल्या, स्प्रिंग सदोष असेल तर कसं ओळखायचं? तेवढं लिही. येर्नेया तुला नमस्कार सांगते. ती मजेत आहे.

तुझा, उभ्याने जेवणारा,
विशू


शुक्रवार, ७ जून

प्रिय पल्ल्या,

इथे सर्व क्षेम आहे असं लिहायला पेन उचललं होतं. ते वाक्य आज राहू दे.

तुझा निरोप रविवारी मिळाला. "स्प्रिंगा बदलू नकोस. गाडी रिकामी तोल, मग वहिनींना बसवून तोल. मग मला फोन कर, लिहीत बसू नकोस." तीन वाक्यं, एकही विशेषण नाही. मी फोन केला नाही. फोनला आवाज लागतो, म्हणून लिहीतच बसलो आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी येर्नेयाला गॅरेजात घेऊन गेलो. स्टाने नसेल अशी वेळ धरली. आधी रिकामी गाडी तोलली. गेल्या वर्षीच्या रिकाम्या वजनाशी पडताळली, तर नव्या संचाचे दोन किलो सोडले तर किलोचाही फरक नाही. चारी स्प्रिंगा निर्दोष. म्हटलं, आता तू बस. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग अंगरखा चढवला, हेल्मेट घातलं, पट्टे बांधले. पट्टे आवळताना ते बराच वेळ येतच राहिले. मी वजाबाकी केली. गेल्या वर्षी चौऱ्याहत्तर होते.

"साठ," मी म्हणालो.

"हेल्मेट धरून," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"मार्चपासून वजन उतरतंय?"

"मार्चपासून मला माहीत आहे."

ती गाडीतून उतरली नाही. पुढे काचेकडे बघत, वर्गात गणित सोडवून दाखवावं तशी एकेक पायरी सांगत गेली. जठरात गाठ आहे. मार्चमध्ये तपासणी झाली. शाळेच्या कामासाठी ल्युब्लियानाला जाते म्हणाली होती, ते दोन्ही वेळा इस्पितळात गेली होती. शस्त्रक्रियेची तारीख अठ्ठावीस मे मिळाली होती. तिने स्वतः फोन करून ती पुढे ढकलून घेतली, अकरा जूनवर. कारण नऊला शर्यत. डॉक्टर रागावले, ती ठाम राहिली. अठ्ठावीस मे म्हणजे कुठला दिवस होता, आठव. ज्या मंगळवारी तिला आत न्यायचं होतं, त्या मंगळवारी स्टाने आणि मी निर्दोष स्प्रिंगा उतरवून त्यांच्यात दोष शोधत होतो, आणि ती आम्हाला बॅटरी धरून उजेड दाखवत होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुझं तोंड असं झालं असतं," ती म्हणाली. "आता झालंय तसं. मला तीन महिने हे तोंड बघायचं नव्हतं." मग हेल्मेट काढून म्हणाली, "बो झे." हे इथलं तारक वचन आहे. होईल की. गाय हरवली, बो झे. छप्पर उडालं, बो झे.

तुला वाटेल, मला हे तुझ्या निरोपाने कळलं. ते खोटं आहे, आणि तुझ्याशी तरी खोटं नको. एप्रिलमध्येच तिच्या कमरपट्ट्याला नवं भोक पडलेलं मी पाहिलं होतं. माझ्याच टेबलावरच्या टोच्याने पाडलेलं, आणि टोच्या जागेवर परत ठेवलेला. मेमध्ये दुसरं भोक दिसलं. मी विचारलं नाही. गावात लोक म्हणत, प्रोफेसर, बायकोने शर्यतीसाठी काय शरीर कमावलंय, आणि मी हसत असे. चौदा किलो कुठे गेले असं तुला लिहिताना ते कुठे गेले हे माझ्या हाताला माहीत होतं. तरी मी तुला स्प्रिंगेबद्दल विचारलं, कारण स्प्रिंगेबद्दल विचारता येत होतं.

तराजूवरून उतरताना तिने, मागचं सगळं मिटवून, नेहमीच्या सुरात एक सूचना दिली. सप्टेंबरमध्ये पलीकडच्या घाटावरच्या शर्यतीला पाऊस असतो, तेव्हा मागचे शॉक दोन खटके मऊ करशील.

हे वाक्य तुला साधं वाटेल. मला वाटलं नाही. यांच्या भाषेत, पल्ल्या, आपल्या संस्कृतासारखं द्विवचन अजून जिवंत आहे. मराठीने टाकलं, या लोकांनी सांभाळलं. भाजी आणायला निघालेली नवरा-बायकोसुद्धा द्विवचनात निघतात. 'आपण दोघं अमुक करू' याला यांच्याकडे एक स्वतंत्र रूप आहे, बोवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कीर्तनकार आठवला होता. या रूपामुळेच मी या देशात राहिलो असं मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगतो, आणि त्यात गंमत थोडीच आहे. गाडीबद्दल ती पंचवीस वर्षांत बोवाखेरीज बोललेली नाही, जरी मला पान्याचं तोंड कुठलं हे अजून विचारावं लागतं. सोमवारी ती बोवा म्हणाली नाही. बोश म्हणाली. मध्यम पुरुष, एकवचन. तू करशील. सप्टेंबरात, तू एकटा.

मी म्हणालो, करू, आपण दोघं करू. ती ऐकून तराजू उचलायला लागली.

मंगळवारी मी इस्पितळात फोन केला. तारीख अलीकडे घ्या, उद्या घ्या, आज घ्या. बाई सौजन्याने बोलल्या. सोडलेली जागा दुसऱ्याला गेली, आता अकराच्या आधी काही नाही. मी त्यांना माझ्या पदव्या सांगितल्या. काय लाज आणणारी गोष्ट. बाईंनी त्याही ऐकून घेतल्या.

बुधवारी मी जे केलं ते तूही कोणाला सांगू नकोस. स्टाने जेवायला गेला तेव्हा गॅरेजात शिरलो आणि पुढच्या दोन्ही चकत्या आकड्याच्या पान्याने खाली उतरवल्या. गाडी जमिनीपासून ठरलेल्या उंचीपेक्षा खाली असली तर शनिवारच्या तपासणीत ती शर्यतीतून बाद करतात. त्यात कोणाचा जीव जात नाही. मला तिला त्या घाटावर जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने काय साधणार होतं? शस्त्रक्रिया अकरालाच होती. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी चकत्या फिरवत होतो, घाम पुसत, चोरासारखा.

गुरुवारी ती आली, पुढच्या चाकाच्या वर दोन बोटं घातली आणि थांबली. स्टानेने पट्टी लावली. सहा मिलिमीटर कमी.

"स्टानेच्या हातून सहा चुकत नाहीत," ती म्हणाली. "हे व्याकरण शिकवणाऱ्याचं काम आहे."

स्टाने माझ्याकडे बघायला लागला, मग तिच्याकडे. तेव्हा तिने त्याला सांगितलं. तीन वाक्यांत, तुझ्यासारखं. स्टानेने ऐकून घेतलं, नळाखाली जाऊन हात धुतले. हात स्वच्छ होते. तो पुष्कळ वेळ धूत राहिला. परत आला तो कामाची गोष्ट घेऊनच आला: आसनाखाली चौदा किलो शिसं बांधू, म्हणजे भिंतीवरचा कागद जुळेल, आकडे गेल्या वर्षीचेच राहतील. शिशाच्या विटा त्याने काढूनही आणल्या. त्याचा चेहरा इतका केविलवाणा होता की मीच हो म्हणणार होतो.

"नको," येर्नेया म्हणाली. "मी आहे तेवढ्यासाठी लाव. नाही त्या बाईसाठी गाडी लावून मी सातव्या वळणात काय करू?"

स्टानेने विटा परत ठेवल्या. ती आत बसली. स्टाने आकडे वाचत होता, चकत्या मी फिरवल्या. तिने तसं सांगितलं होतं. आधी उंची परत आणली. मग पाव फेरा डावीकडे पुढे, पाव फेरा उजवीकडे मागे. पान्याचा आकडा खाचेत बसवायचा, ओढायचं, थांबायचं, गाडी दोन्ही हातांनी दाबून सोडायची, पुन्हा वाचायचं. दोन आठवडे न जुळलेली गाडी दीड तासात जुळली. तिचं खरं वजन धरल्यावर कुठलंच चाक खोटं बोललं नाही. स्टानेने भिंतीवर नवा कागद लावला. 'चालक' या रकान्यात काय लिहायचं म्हणून तो थांबला, तेव्हा ६० मी लिहिलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून.

काल संध्याकाळी ती आणि मी गाडी घेऊन घाटावर हळू जाऊन आलो. उकरलेल्या रस्त्यावरून गाडी अशी गेली की मला तुझे वाकलेले हात दिसले. तिने सातव्या वळणाशी थांबवलं, उतरली, कठड्याला टेकून थोडी ओकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, मागचा भाग आता बसतो बघ छान. मी म्हटलं, हो, बसतो.

आता जे लिहायचं ते लिहितो. तीन वर्षांपूर्वी कुमुदवहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा तू मला लिहिलं होतंस, "विशू, मला काही सुचत नाही." मी तुला एक श्लोक पाठवला. अन्वयासकट. त्या गेल्यावर काय लिहावं कळेना, आज लिहू, सुट्टीत लिहू करत राहिलो, आणि मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. मागचं पत्र लिहिताना तुझ्या घरच्या जेवणाशी येऊन 'असो' म्हणालो, ते वाढणाऱ्या हातांचं नाव घ्यायचं टाळायला. तू त्याबद्दल एक अक्षर न बोलता स्प्रिंगेचं उत्तर दिलंस. कारण तुझ्याही घरी असंच वजन उतरलं होतं, होय ना? म्हणून तुला तीन वाक्यांत कळलं. माझं चुकलं, पल्ल्या. याला संस्कृत नको, मराठीतच लिहितो. माझं चुकलं.

मला श्लोक पाठवू नकोस. मला हे सांग: ते आत घेऊन जातात तेव्हा बाहेर बसून हातांचं काय करायचं? घरी येऊन तिच्या चपला दिसल्या तर त्या उचलायच्या की तशाच ठेवायच्या? तू काय केलंस? डॉक्टर बोलायला बाहेर येतात तेव्हा उभं राहायचं की नाही? मी एवढी पुस्तकं वाचली, यातलं मला काहीच येत नाही.

परवाच्या घाटाची मला भीती नाही. गाडी उत्तम लागली आहे आणि चालवणारी शहाणी आहे. मला भीती मंगळवारची आहे. ती मरेल अशी मला भीती वाटते. दिवसभर वाटते, शिकवताना, जेवताना, तिच्याशी हसून बोलतानाही. ती मेली तर मी कसा राहीन हे मला माहीत नाही. एवढंच सांगायचं होतं, त्याला दोन पत्रं लागली.

मंगळवारी आमच्या सकाळच्या आठला, तुझ्या साडेअकराला, मी फोन करीन. मला बोलता आलं नाही तर तू बोल. काहीही बोल, पण ठेवू नकोस.

तुझा,
फार घाबरलेला,
विशू